‘शेवटचं एकदा भेट’ म्हटलं की काय करायचं

‘जीव आहे म्हणूनच संशय घेतो’ हे कट्ट्यावर कौतुकाने सांगितलं जातं. ऐरोलीला गाडी सुटली की बॉयफ्रेंडचा मेसेज येतो, ‘कुठल्या डब्यात आहेस, फोटो टाक.’ घणसोलीपर्यंत उत्तर गेलं नाही तर तीन मिस्ड कॉल. ही काळजी की पहारा? एखाद्या क्षुल्लक गोष्टीला ‘नाही’ म्हणून बघा: ‘पासवर्ड देणार नाही’, ‘रविवारी मैत्रिणींबरोबर जाणार आहे.’ दिवसभराचा रुसवा एकवेळ चालेल. शिव्या, मनगट पिरगळणं, ‘हात कापून घेईन’ ही धमकी, हे चालवून घ्यायचं नाही. आणि ‘नाही’ म्हणायचीच भीती वाटत असेल तर उत्तर मिळालंच. मग उगाच परीक्षा घेऊ नका. (मुलांनाही हेच लागू, ते फक्त सांगत नाहीत.)

खरा धोका नातं तोडताना वाढतो, आणि तिथेच क्रम चुकतो. रागाच्या भरात चॅट उडवून ब्लॉक केलं की पुरावाही गेला. आधी व्हॉट्सॲपची चॅट एक्स्पोर्ट करा, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, ते विश्वासातल्या कुणाकडे तरी पाठवा. मग ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ तपासा, म्हणजे आपलं व्हॉट्सॲप आणखी कुठे उघडं आहे ते कळेल. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तासांनी बंद होतं. गूगल मॅप्सचं मात्र आपण बंद करेपर्यंत चालू राहू शकतं, ते हमखास विसरलं जातं. पण लोकेशन बंद झाल्याचं समोरच्याला कळू शकतं, म्हणून घरच्यांना किंवा मैत्रिणीला आधी सांगून ठेवा.

नकार फोनवर दिला तरी पुरतो. भेटायचंच तर ठाण्याच्या तलावपाळीसारख्या गजबजलेल्या जागी, दिवसाउजेडी, जवळच कुणीतरी ओळखीचं बसलेलं. येऊरच्या जंगलात नाही, त्याच्या गाडीवर तर नाहीच. ‘जीव देईन’ म्हणाला तर धावत जाऊ नका. त्याच्या घरच्यांना आणि 112 ला कळवा.

नकारानंतरही मुलीचा पाठलाग किंवा मेसेजचा मारा चालू राहिला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. प्रकार ठाणे शहरातला आणि तुम्ही वाशीत असाल तरी वाशीत झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यायचा गुन्हा) नोंदवता येतो. ‘आमची हद्द नाही’ हे ऐकून परत फिरू नका. महिलांसाठी 181, अठरा वर्षांखालच्यांसाठी 1098. फोटो पसरवायची धमकी असेल तर पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा, आणि पावती क्रमांकाचाही स्क्रीनशॉट काढा.