‘सिली’ म्हणजे ‘मूर्ख’ नव्हे: या चुका टाळा

माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर इंग्लंडला गेली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी तिला दुधाची बाटली आणून दिली. ही पैसे द्यायला लागली, तर आजी म्हणाल्या, ‘डोन्ट बी सिली!’ हिने मनातल्या मनात अर्थ लावला, ‘मूर्खपणा करू नकोस’. दोन दिवस ती त्यांच्यासमोर गेली नाही. आजी म्हणत होत्या एवढंच, ‘अगं, काहीतरीच काय! पैसे कसले देतेस?’

शब्दकोशात ‘सिली’पुढे ‘मूर्ख, वेडगळ’ असं दिलेलं असतं. ते खोटं नाही, पण वजन चुकतं. ‘मूर्ख आहेस’ म्हटलं की माणूस दुखावतो, ‘खुळी कुठली!’ म्हटलं तर हसतो. आपल्या माणसांत ‘सिली’ बहुधा या खुळेपणाकडे झुकतो. झोंबतो तो ‘स्टुपिड’. म्हणून मुलाच्या हातून दूध सांडलं तर ‘स्टुपिड’ म्हणू नका, कळकळीने सांगते. मात्र मीटिंगमध्ये सहकाऱ्याच्या सूचनेला ‘सिली’ म्हणाल, तर ती पोरकट म्हणून उडवून लावल्यासारखं होतं. तिथे हा शब्द नकोच.

या शब्दाचा प्रवास मला फार आवडतो. जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वजाचा अर्थ होता सुखी, धन्य. पुढे तो निष्पाप झाला, मग बिचारा, दुबळा, आणि सोळाव्या शतकापर्यंत वेडगळ. आपल्याकडे ‘भोळा’चा ‘भोळसट’ होतो, तीच वाट.

‘आय फेल्ट सिली’चं भाषांतर ‘मला मूर्ख वाटलं’ असं करू नका. मराठीत आपण ओशाळतो. ‘धिस मे बी अ सिली क्वेश्चन’ म्हणजे ‘प्रश्न जरा बाळबोध वाटेल’. आणि ‘वी लाफ्ड अवरसेल्व्ह्ज सिली’ मध्ये तर मूर्खपणाचा संबंधच नाही. हसून हसून पुरेवाट झाली, इतकंच. परीक्षेतली ‘सिली मिस्टेक’ म्हणजे येत असूनही धांदलीत झालेली चूक. गणिताची रीतच कळली नसेल, तर त्याला हे नाव देऊन मुलाची अडचण झाकू नका.

क्रिकेटमधला ‘सिली पॉइंट’ही असाच फसवतो. तिथे ‘सिली’ म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळची जागा. इतक्या जवळ उभं राहणं म्हणजे वेडं धाडस, म्हणून ते नाव. ‘फॉरवर्ड शॉर्ट लेग’च्या नावात ‘सिली’ नाही, पण धोका तोच. मुंबईचे एकनाथ सोलकर तिथे हेल्मेटशिवाय उभे राहायचे आणि 27 कसोटींत त्यांनी 53 झेल घेतले.

स्पेलिंगमध्ये एल दोनदा येतो. ‘सिलीनेस’ आणि ‘सिलियर’ लिहिताना शेवटचा वाय जातो, त्याच्या जागी आय येतो. क्रियाविशेषण म्हणून ‘सिलिली’ कोशात सापडेल, पण बोलण्यात जवळपास कुणी वापरत नाही; ‘इन अ सिली वे’ म्हणा.