पहिल्या नोकरीची मुलाखत: तयारी कशी करावी

अनेक कंपन्यांत मुलाखत घेणाऱ्यासमोर एक तक्ता असतो. विषयाचं ज्ञान, संवाद, अडचण सोडवण्याची पद्धत असे रकाने आणि प्रत्येकापुढे गुण. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारायचे आणि ठरलेल्या कसोटीवर गुण द्यायचे, ही संरचित मुलाखत. १९९८ साली श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा अशा मुलाखतीतून माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज जास्त चांगला बांधता येतो, असं त्यात दिसलं. तेव्हा त्या रकान्यात लिहून घेता येईल असं काहीतरी तुमच्या बोलण्यात हवं. "मी मेहनती आहे" हे कुणी लिहून घेत नाही.

१. जाहिरात पेन घेऊन वाचा

नोकरीच्या जाहिरातीत मागितलेली कौशल्यं अधोरेखित करा. प्रत्येकासमोर स्वतःचा एक प्रसंग लिहा: प्रोजेक्ट, इंटर्नशिप, स्नेहसंमेलनाचा हिशेब, घरच्या दुकानात केलेलं काम, काहीही चालेल. एखाद्या कौशल्यासमोर काहीच सुचलं नाही, तर तिथेच गाडी अडणार हे आधी कळलं, हा फायदाच. कंपनीबद्दल मात्र रात्रभर वाचत बसू नका. ती काय विकते, कुणाला विकते आणि तुमची जागा त्यात कुठे येते, एवढं पक्कं असलं की पुरे.

२. रेझ्युमेची उलटतपासणी करा

रेझ्युमेतली प्रत्येक ओळ म्हणजे तुम्हीच समोरच्याच्या हाती दिलेला प्रश्न. "पायथनचं ज्ञान" लिहिलं असेल तर पायथनमध्ये काय केलं ते सांगता यायला हवं. ज्या ओळीवर दोन मिनिटं बोलता येत नाही, ती खोडा. रेझ्युमे अर्ध्या पानाचा झाला तरी बिघडत नाही.

३. चार-पाच प्रसंग घोटून ठेवा

खरी मेहनत इथे आहे. "अडचण आली तेव्हा काय केलंत?", "टीममध्ये मतभेद झाले तर?" असे प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तराचा क्रम सोपा ठेवा: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं. सिच्युएशन, टास्क, अॅक्शन, रिझल्ट या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून याला 'स्टार' (STAR) पद्धत म्हणतात.

विद्यार्थ्यांची उत्तरं सहसा अशी असतात: "आम्ही वाचनालयासाठी सॉफ्टवेअर बनवलं. खूप शिकायला मिळालं." यात तुम्ही कुठे आहात? आता हे पाहा: "चौघांचा प्रोजेक्ट होता, डेटाबेस माझ्याकडे होता. चाचणीत एकच प्रत एकाच वेळी दोघांच्या नावावर जात होती. दोन विनंत्या एकदम आल्या की दोघांनाही पुस्तक उपलब्ध दिसत होतं. मी एकाची नोंद पूर्ण होईपर्यंत डेटाबेसमधली त्या प्रतीची ओळ लॉक केली, म्हणजे दुसऱ्यासाठी बंद ठेवली. पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा दुसऱ्याला प्रत उपलब्ध नाही असा संदेश गेला." हे सांगायला अर्धं मिनिट लागतं आणि लिहून घ्यायला भरपूर मिळतं. "आम्ही" म्हणायची सवय चांगलीच, पण तुमचा वाटा सांगताना "मी" म्हणायला लाजू नका.

उत्तर शब्दशः पाठ करू नका. मधलं एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं अडतं. फक्त मुद्दे लक्षात ठेवा आणि ते मोठ्याने बोलून पाहा. मनात पक्कं वाटणारं उत्तर तोंडातून भलतंच बाहेर येतं! मोबाइलवर रेकॉर्ड करा, शक्य झाल्यास मित्राकडून मॉक इंटरव्ह्यू घ्या. "बेसिकली" किती वेळा आलं ते तो मोजेलच.

४. प्रत्यक्ष मुलाखतीत

वेळेवर जा, नीटनेटके जा. ऑनलाइन असेल तर उजेड समोरून घ्या, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर ठेवा आणि इंटरनेटची पर्यायी सोय हाताशी असू द्या.

"स्वतःबद्दल सांगा" याचं उत्तर जन्मगावापासून सुरू करू नका. काय शिकताय, काय करून पाहिलंय आणि ही जागा का हवी आहे, हे दीड मिनिटात आटपा.

उत्तर येत नसेल तर सरळ सांगा: "हे मी वापरलेलं नाही, पण मी असा विचार करेन..." आणि विचार मोठ्याने मांडा. थापा मात्र पुढच्या दोन प्रश्नांत उघड्या पडतात. चक्रावून टाकणारी कोडी हल्ली कमी झाली आहेत. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय असल्याचं जाहीर सांगितलं होतं. तरी एखादं आलंच, तर उत्तराइतकंच तिथवर पोचण्याच्या वाटेकडे लक्ष असतं.

पगाराची अपेक्षा विचारली तर, अशा जागेला साधारण किती मिळतं याची माहिती आधी काढून ठेवा आणि "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा एक टप्पा सांगा. "तुम्ही द्याल ते" हे उत्तर नम्र वाटतं, पण त्यात तुमचंच नुकसान आहे.

शेवटी "काही विचारायचंय?" असं म्हटल्यावर मान हलवून उठू नका. "पहिल्या सहा महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून काय अपेक्षा आहे?" हा प्रश्न जवळजवळ कुठेही चालतो. उत्तरावरून काम खरंच आवडेल का, हेही कळतं.

५. बाहेर पडल्यावर

त्याच दिवशी आठवतील तेवढे प्रश्न वहीत उतरवा, जिथे अडखळलात तिथे खूण करा. दुसऱ्या दिवशीपर्यंत तीन-चार ओळींचा आभाराचा मेल पाठवा. निकालाची तारीख उलटून गेली तर एकदा विचारा. नकार आला तर कुठे कमी पडलो हे जरूर विचारा, पण उत्तराची वाट पाहत बसू नका. अनेक कंपन्या ते देतच नाहीत. पुढच्या मुलाखतीआधी वहीतल्या खुणांची उत्तरं तयार करा.