नागपूरची अँबेसेडर हिवाळी रॅलीला नेताना

आपल्याकडची जुनी गाडी उन्हाळ्याच्या हिशेबाने जपलेली असते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ती तापू नये, म्हणून मिस्त्रींनी वर्षानुवर्षं तिच्यातून काही ना काही काढून टाकलेलं असतं. हिवाळी रॅलीत नेमकं तेच नडतं. म्हणून १४८९ सीसीची जुनी अँबेसेडर हिमाचलच्या थंडीत न्यायची असेल, तर काढलेल्या वस्तू जागेवर आणण्यापासून सुरुवात करा.

सगळ्यात आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. हाउसिंगचं झाकण उघडा. बऱ्याच गाड्यांत आत काहीच सापडणार नाही. तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिनाला हवी तेवढी ऊब येत नाही आणि चोक ओढूनच, म्हणजे जास्तीचं पेट्रोल देऊनच, गाडी चालवावी लागते. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक नाकाशी धरली की पेट्रोलचा वास येतो तो यामुळेच. नवा थर्मोस्टॅट तसाच बसवू नका. पातेल्यात पाणी ठेवून तो दोऱ्याने टांगता धरा आणि पाणी तापवा. उकळी येण्याआधी झडप उघडली पाहिजे, बाहेर काढल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. चोकची वायरही तपासा. नागपुरात तिची गरज फारशी पडत नाही, त्यामुळे ती जाम झालेली किंवा चक्क सोडवून ठेवलेली असते.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी असेल तर ते काढून, क्षार धुऊन, कूलंट भरा. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असलं की उणे ३५ अंशांपर्यंत चिंता नाही. नुसतं पाणी गोठलं की फुगतं आणि त्या जोराने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. तसा ब्लॉक दुरुस्त करून मिळणं आज किती कठीण आहे ते जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना सांगायला नको.

विजेचा हिशेब मात्र कागदावर मांडाच. इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जुन्या डायनॅमोची क्षमता साधारण २२ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टला २६४ वॉट. ६० वॉटचे दोन हेडलाइट आणि ५५ वॉटचे दोन फॉगलॅम्प लावले की २३० वॉट तिथेच गेले. वायपर, इग्निशन, मागचे दिवे अजून बाकीच आहेत. त्यातून इंजिन आयडलवर असताना डायनॅमो जवळपास चार्जच करत नाही. धुक्यात तासभर रांगत गेलात तर बॅटरी बसणार हे नक्की. रॅलीच्या नियमांत बसत असेल तर त्याच्या जागी आयडलवरही चार्ज करणारा अल्टरनेटर लावा. नाहीतर धुक्यात हेडलाइट बंद ठेवून खाली बसवलेले फॉगलॅम्पच वापरा. दिसतंही जास्त बरं. दिव्यांना रिले (त्यांची वीज वेगळ्या वाटेने नेणारा छोटा स्विच) द्या, म्हणजे जुन्या स्विचवर भार येत नाही. प्लॅटिनम पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांमधली, फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. आधी सेट केलेला एक जादा पॉइंट आणि कंडेन्सर डब्यात असू द्या.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या.

ब्रेक ऑइल नवं, चारही ड्रम उघडून व्हील सिलिंडर कोरडे आहेत ना ते बघणं, किंगपिनला (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खुंटीला) ग्रीस, या नेहमीच्या गोष्टी. टायरच्या नक्षीवर जाऊ नका, बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यातला टायर आहे. तो घरी ठेवा.

ऐतिहासिक गाड्यांच्या रॅलीत सहसा ठरलेला सरासरी वेग राखायचा असतो. लवकर पोहोचलात तरी गुण जातात. मॉन्टे कार्लो रॅली १९११ साली सुरू झाली, तिची १९९८ पासून होणारी जुन्या गाड्यांची आवृत्तीही अशाच नियमितपणावर चालते. ताशी ४८ किलोमीटरला एक किलोमीटर ७५ सेकंदांत होतो. तुमचा मीटर दोन टक्के चुकला, तर १० किलोमीटरमध्ये २०० मीटरचा, म्हणजे १५ सेकंदांचा घोळ. नवे टायर चढवल्यावर, हवा भरून, महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून बघा आणि फरक डॅशबोर्डवर चिकटवा.

कागदपत्रांत आरसी, विमा, पीयूसी आलंच. पन्नाशी ओलांडलेल्या मूळ स्वरूपातल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करता येते. पण ती केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. वाट दिल्लीवरून जात असेल तर जुन्या गाड्यांबद्दलचा ताजा आदेश निघण्याआधी वाचा.

हे सगळं झाल्यावर डिसेंबरात भल्या पहाटे रामटेकला जा. गडाचा चढ चढा, उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ब्रेक किती गरम होतात ते हात जवळ नेऊन बघा. तिथे समाधान झालं की चिखलदरा. थंडी, घाट आणि लांबचा पल्ला एकाच फेरीत तपासून होतो, आणि विदर्भात यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही. सामान रॅलीचंच भरा, शेजारी बसून वाट आणि वेळ सांगणारा नेव्हिगेटरही रॅलीचाच बसवा, संत्रीही घ्या. रात्री गाडी उघड्यावर ठेवा. सकाळी पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली नाही, तर आणखी एक आठवडा मिस्त्रीकडे राहू द्या.