रिपोर्टच्या फिल्टरला ऑटोकम्प्लीट कसं जोडावं

हापूसचा हंगाम भरात आला की देवगड-रत्नागिरीकडच्या पॅकिंग शेडमध्ये सतत एकच विचारणा असते: अमक्याच्या पेट्या वाशीला किती गेल्या, पट्टी (विक्रीचा हिशेब) आली का? नोंदी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये असतात, रिपोर्टही तयार असतो. पण फिल्टरमध्ये नाव हाताने लिहावं लागतं, आणि ‘वेंगुर्ला’च्या जागी ‘वेंगुर्ले’ पडलं की रिपोर्ट कोरा! यावर उपाय कॉम्बो बॉक्सचा, म्हणजे टाइप करताच यादीतली नावं सुचवणाऱ्या (ऑटोकम्प्लीट) चौकटीचा.

पण आधी यादी साफ करा. हे काम कंटाळवाणं म्हणून लोक टाळतात आणि मग ऑटोकम्प्लीटला नावं ठेवतात. बागायतदारांचं वेगळं टेबल हवं: क्रमांक, नाव, गाव. पेट्यांच्या नोंदीत फक्त क्रमांक जाऊ द्या. जुन्या नोंदींतूनच नावं उचलून यादी केलीत तर चुकीची स्पेलिंगंही सुचवली जातील. ‘गोऱ्हे’सारख्या आडनावांवर खास लक्ष ठेवा. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकसंध किंवा र अधिक नुक्ता. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधात मात्र नाव निसटू शकतं.

आता कोरा फॉर्म घ्या, त्याला ‘गाळणी’ नाव द्या आणि त्यावर ‘बागायतदार’ नावाचा कॉम्बो बॉक्स ठेवा. रो सोर्समध्ये (यादी कुठून येणार ते सांगणारी सेटिंग) वरच्या बागायतदारांच्या टेबलाची क्वेरी, नावानुसार लावलेली. कॉलम काउंट ३, बाउंड कॉलम (ज्याची किंमत साठवली जाते तो) १, आणि पहिल्या कॉलमची रुंदी शून्य, म्हणजे क्रमांक दिसणार नाही पण निवडला तोच जाईल. गावाचा कॉलम दिसलाच पाहिजे. एका वाडीत एकाच नावाचे दोघे-तिघे असणं आपल्याकडे नवलाचं नाही. लिमिट टू लिस्ट ‘येस’ ठेवा, म्हणजे यादीबाहेरचं नाव चालणार नाही.

ऑटो एक्स्पांड (टाइप करताना नाव आपोआप पूर्ण करणं) मुळात चालूच असतं, पण ते फक्त नावाच्या सुरुवातीपासून जुळवतं. आडनाव शेवटी लिहिलं असेल तर उपयोग नाही. मधूनही शोधायचं असेल तर ते बंद करा आणि ‘ऑन चेंज’मध्ये (प्रत्येक अक्षरागणिक चालणारा कोड) रो सोर्स बदला: लाइक, आणि टाइप केलेल्या मजकुराच्या दोन्ही बाजूंना तारांकन. मजकूर कॉम्बो बॉक्सच्या ‘टेक्स्ट’ गुणधर्मातून घ्या, ‘व्हॅल्यू’ टाइप करताना बदलत नाही. मग ‘ड्रॉपडाउन’ने यादी उघडा. किमान तीन अक्षरांची अट घाला, मात्र मात्राही मोजली जाते: ‘देव’ म्हणजे द, एकार, व, झाली तीन. गावावरून शोध देणार असाल तर ‘टॉप १५’ची मर्यादा घालाच. कोकणात ‘वाडी’ टाइप केल्यावर काय होईल ते सांगायला नको.

शेवटी रिपोर्टच्या क्वेरीत, बागायतदार-क्रमांकाखालच्या क्रायटेरियात (अटीच्या ओळीत) फॉर्म्स!गाळणी!बागायतदार लिहा, पुढे ‘ऑर’ आणि तोच संदर्भ ‘इज नल’. त्यामुळे चौकट रिकामी असली तर सगळ्या पेट्या दिसतात. त्याऐवजी लाइक आणि नुसतं तारांकन वापरलंत तर ज्या नोंदीत क्रमांकच भरलेला नाही ती गायब होईल. रिपोर्टचं बटण गाळणी फॉर्मवरच ठेवा, कारण तो बंद असताना रिपोर्ट उघडला तर ॲक्सेस पॅरामीटरची किंमत विचारत बसतं.