बॅकअप अर्ध्यातच तुटतोय? आधी लॉग बघा

लातूरच्या अडत दुकानाचा डेटा रात्री संभाजीनगरच्या सर्व्हरवर पाठवायचा आणि सकाळी बघावं तर ‘कनेक्शन रिसेट’. लगेच नेटवाल्याला फोन लावू नका. लॉगमध्ये, म्हणजे बॅकअपच्या प्रोग्रामनं ठेवलेल्या नोंदींमध्ये, बॅकअप नेमका कुठं तुटला ते बघा.

रोज वेगळ्याच ठिकाणी तुटतो? मग बहुधा लाइटीचा खेळ. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो, पण भिंतीवरचा फायबरचा डबा साध्या प्लगला. लाइट गेली की नेट गेलं.

छोट्या फायली जातात आणि मोठी फाइल सुरू झाली की अडकते, तेव्हा संशय एमटीयूवर, म्हणजे लाइनवरून एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याच्या कमाल आकारावर घ्या. हे सहसा कुणी तपासत नाही. दुकान आणि सर्व्हर व्हीपीएननं (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीनं) जोडलेले असतील तर सर्व्हरच्या व्हीपीएनमधल्या पत्त्यावर ‘तुकडे करू नको’ हा पर्याय लावून 1472 बाइटचा पिंग (उत्तर मागणारा चाचणीचा निरोप) करा. उत्तर आलं नाही तर आकडा कमी करत जा. जो सगळ्यात मोठा आकडा पार होईल, त्यात 28 मिळवा. तोच एमटीयू व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये टाका.

फायली तपासताना लाइन शांत राहते आणि मधला राउटर कनेक्शन तोडतो, असंही होतं. एसएसएचला (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रोग्रामला) दर 60 सेकंदांनी ‘जिवंत आहे’ असा निरोप पाठवायला सांगा.

आणि हिशोब करा: अपलोड 10 एमबीपीएस असेल तर 50 जीबीला सलग 11 तास लागतात. पहिली पूर्ण कॉपी सरळ हार्डडिस्कवर घेऊन कुणाबरोबर तरी पाठवा. पुढं आरसिंक या फायली जुळवणाऱ्या प्रोग्रामनं फक्त बदल जाऊ द्या, अर्धवट फाइल जपून ठेवायचा पर्याय मात्र चालू ठेवा.