हिरांच्या जुड्या आणि वजाबाकी

गोव्यात आमच्या पेडण्यात माडांना तोटा नाही, त्यामुळे आमच्या दुसरीचं गणिताचं साहित्य परसातच मिळतं. चुडताचे, म्हणजे माडाच्या झावळीचे, हीर (पात्यांच्या मधल्या कडक काड्या) मोठ्यांकडून काढून घ्या. कोयती मुलांच्या हातात नको. वीतभर लांब कापून चांगले वाळवा, ओले बांधले तर नंतर जुडी सैल पडते.

मुलांना दहा-दहा मोजून सुताने बांधायला लावा. गाठ ओढली की सुटणारी हवी. रबरबँड टाळा, वर्गात त्यांचं काय होतं ते सांगायला नको.

आता ५२ − २७. पाच जुड्या, दोन सुटे. “सात काढ” म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे सगळ्यात कठीण, कारण मास्तरांची जीभ वळवळतेच. मूल अडतं, शेजाऱ्याकडे बघतं, मग जुडी सोडतं. चार जुड्या, बारा सुटे. त्यातून दोन जुड्या आणि सात सुटे बाजूला. उरले २५. त्यानंतरच फळ्यावर तीच मांडणी लिहा.

तिसरीसाठी दहा जुड्यांची मोळी बांधा. ३०५ − १४८ मध्ये सुट्या जुड्याच नाहीत, म्हणून आधी मोळी सोडायची, मग तिच्यातली एक जुडी. शून्याच्या जागी नऊ कसे आले, हे तेव्हा समोर मोजता येतं.