इंग्लिश वाचायला शिकायचंय? आधी सोपं पुस्तक हातात घ्या

माझी शाळा मराठी मीडियमची, परळची. दहावीला इंग्लिशमध्ये मार्क बरे होते, पण फोर्टला ऑफिसला लागल्यावर दोन पानी मेल आला की पोटात गोळा यायचा. कोणीतरी म्हणालं वाचन वाढव, म्हणून मी फुटपाथवरून एक जाडजूड इंग्लिश कादंबरी आणली आणि पेन्सिलने शब्दांवर मराठी अर्थ लिहायला लागलो, पहिल्याच पानावर ओळींच्या मधे जागा उरली नाही आणि अकराव्या पानाला पुस्तक मिटलं ते मिटलंच. असं खूप जणांचं होतं आणि मग माणूस म्हणतो आपल्याला इंग्लिश जमणारच नाही. ते ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण अडचण फक्त पुस्तक निवडण्यात झालेली असते.

इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलेली पुस्तकं मिळतात, त्यांना ग्रेडेड रीडर म्हणतात. गोष्ट मोठ्या माणसांची असते, खून, प्रेम, प्रवास, भुतंखेतं सगळं, पण शब्द मोजून वापरलेले असतात. ऑक्सफर्ड बुकवर्म्स ही सिरीज घ्या, तिच्यात स्टार्टरला 250 हेडवर्ड, स्टेज 1 ला 400, स्टेज 2 ला 700, स्टेज 3 ला 1000, असं करत स्टेज 6 ला 2500. हेडवर्ड म्हणजे मूळ शब्द, गो, गोज, वेंट, गॉन मिळून एकच धरतात. व्याकरणही पायरीपायरीने येतं, स्टार्टरमध्ये साधा वर्तमानकाळ, साधा भूतकाळ स्टेज 1 पासून.

ही आयडिया बाहेरून आलीय असं वाटतं ना, पण तिची मुळं आपल्याच बाजूची आहेत. 1920 च्या दशकात मायकल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याला होते, त्यांनी बघितलं की बंगाली मुलांच्या इंग्लिश पुस्तकांत क्वचित लागणारे शब्द ठासून भरलेत. मग त्यांनी ते काढून रोजच्या वापरातले शब्द घातले आणि नवीन शब्द थोडे थोडे करून आणले. म्हणजे ज्यांच्या घरात इंग्लिश बोललं जात नाही अशा मुलांकडे बघूनच हे काम झालंय.

आता तुमची लेव्हल कशी ओळखायची ते सांगतो, यात घाई करू नका. पुस्तक मधूनच उघडा, पहिलं पान नको, साधारण 100 शब्दांचा तुकडा घ्या आणि न कळलेले शब्द बोटांवर मोजा. एक-दोन निघाले तर पुस्तक तुमचं. तीन-चार निघाले आणि गोष्ट कळतेय, तर चालेल. पाच किंवा जास्त निघाले की सरळ खालची लेव्हल घ्या. एक-दोनचा हा आकडा मनाने काढलेला नाही, शब्द शिकण्यावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलंय, कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. ग्रॅज्युएट झालेल्या माणसाला स्टेज 1 घ्यायला लाज वाटते, मलाही वाटली होती, पण तिथूनच सुरू करा. पहिल्यांदा एक अख्खं इंग्लिश पुस्तक वाचून संपवल्यावर जे वाटतं ना ते दहा क्लास लावून मिळत नाही.

एक लक्षात ठेवा, प्रत्येक कंपनीची लेव्हल वेगळी. एकाची लेव्हल 3 दुसऱ्याच्या 3 इतकीच अवघड असेल असं नाही, मॅकमिलन तर आकड्यांऐवजी बिगिनर, एलिमेंटरी अशी नावं देतं, म्हणून आकड्यापेक्षा हेडवर्ड बघा. आणि अब्रिज्ड लिहिलेलं पुस्तक म्हणजे ग्रेडेड नव्हे, त्यात गोष्ट छोटी केलेली असते पण शब्द बरेचदा जुनेच कठीण राहतात. लहान मुलांच्या परीकथांचंही तेच, चित्रं गोड असतात पण शब्द ऑफिसात कधी कानावर न येणारे.

वाचताना डिक्शनरी बॅगेत ठेवा. शब्द अडला तर पुढे जा, दोन पानांनी तो परत येतो आणि बरेचदा आपोआप कळतो, कारण या पुस्तकांत तेच शब्द मुद्दाम फिरवून फिरवून आणलेले असतात. तिसऱ्यांदा आला आणि तरी कळला नाही, तर तेवढाच बघा. मनातल्या मनात मराठी भाषांतर करत बसू नका, सुरुवातीला होतंच ते, पण पुस्तक सोपं असेल तर चौथ्या-पाचव्या पुस्तकापर्यंत कमी होतं. ए आणि द कुठे लावायचं हा आपला कायमचा घोळ, मराठीत ती भानगडच नाही, माझा तो घोळ नियम पाठ करून नाही सुटला, हजारो वाक्यं डोळ्याखालून गेल्यावर थोडा थोडा सुटला.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी ट्रेन आहे. स्टेज 1 चं पुस्तक पाच-सहा हजार शब्दांचं असतं, मिनिटाला 100 शब्द वाचलेत तरी तासाभरात संपतं, म्हणजे डोंबिवली ते सीएसएमटी एका फेरीत. उभं राहून एका हातात मावेल इतकं पातळ असतं हा मोठा फायदा. फारच गर्दी असेल तर त्याच पुस्तकाचा ऑडिओ कानात लावा आणि घरी जाऊन तोच चॅप्टर वाचा. नेशन यांचा सल्ला साधारण आठवड्याला एक पुस्तक आणि वरच्या लेव्हलला जायच्या आधी त्या लेव्हलची निदान पाच. मी सात-आठ सांगेन, पाया पक्का होतो.

पुस्तकं नवीन घेतली तर खर्च होतो, म्हणून आधी लायब्ररीत विचारा, मग फोर्टचा फुटपाथ आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे जुन्या पुस्तकांचे स्टॉल. नुसतं इंग्लिश स्टोरी बुक मागू नका, स्टेज किंवा लेव्हल लिहिलेली पातळ पुस्तकं असं सांगा, मला अशी तीन एकाच ढिगात मिळालीत. मागच्या पानांवर आधीच्या मालकाने उत्तरं लिहिलेली असतील तरी घ्या, ते प्रश्न नाही सोडवले तरी चालतं. फुकट हवं असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट आहे, गोष्टी लहान मुलांच्या आहेत पण बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्लिशमध्ये दोन्हीकडे सापडतात, घरात मूल असेल तर दोघं मिळून वाचा, आधी मराठी मग इंग्लिश.

चार जण जमले तर अजून स्वस्त पडतं. आमच्या ऑफिसात आम्ही चौघांनी दोन-दोन पुस्तकं घेतली आणि दर सोमवारी बदलायचो, वाचलेली गोष्ट डबा खाताना सांगायची, मराठीत सांगितली तरी चालेल असं ठरलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एकीने मधली दोन वाक्यं इंग्लिशमध्येच सांगितली आणि कोणीच तिला थांबवलं नाही.